बाटलीबाईंचा टब

आधी टबाबद्दल लिही. वन्संबद्दल सांगायचं तर टबापासूनच सुरुवात करावी लागते. पत्र्याचा होता, दोन्ही बाजूंना कड्या, आणि एवढा मोठा की लहानपणी तू आत बसून पाय लांब केले असतेस. आमच्या मागच्या पडवीत असायचा. पण त्यात कपडे कधी भिजले नाहीत. त्यात समुद्राचं पाणी असायचं आणि पाण्यात बाटल्या.

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, तुझी आत्याआजी. तू त्यांना फोटोतच पाहिलंयस, तो टोपी घातलेला, डोळे मिटलेला. त्या फोटोत त्या झोपलेल्या नाहीत. त्यांना बोट लागली होती. ते पुढे येईल, तू लिहीत राहा.

मी लग्न होऊन ह्या घरात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेले, तर ह्या बाई ठेंगण्या स्टुलावर बसलेल्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, आणि चहाच्या चमच्याने बाटलीत वाळू घालतायत. इतक्या मन लावून की औषध पाजतायत असं वाटावं. मी विचारलं, "वन्सं, हे काय करताय?" त्या म्हणाल्या, "थांब, श्वास सोडू नकोस, हिला बुडवतेय." मी खरंच श्वास रोखून उभी राहिले. बाटली पाण्यात गेली, थोडी डुचमळली आणि उभी राहिली. वर काहीच नाही, नुसतं लाल बूच पाण्याच्या बरोबरीने. वन्संनी मान हलवली. "सोड आता श्वास," म्हणाल्या.

आमच्याकडे रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या यायच्या आणि भरून जायच्या. समोरची शेजारीण सगळं पडद्याआडून मोजायची. एकदा तिने सासूबाईंना विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे फार येतात वाटतं?" सासूबाई भोळेपणाने म्हणाल्या, "छे हो, पाहुणे कुठले? आमची ताई एकटीच दिवसाला पेटी संपवते." त्यानंतर ती शेजारीण वन्संना रस्त्यात भेटली की कनवाळूपणे बघायची आणि लिंबू सरबत प्या म्हणायची.

वन्सं समुद्र मोजायच्या कचेरीत कामाला होत्या. समुद्र किती तापलाय, किती खारट आहे आणि कुठे निघालाय, एवढं तिथे मोजायचे. तापलेला किती ते काचेच्या नळीतल्या पाऱ्याने, तारेला बांधून खोल सोडायचे. खारट किती ते बघायला खारे काका होते. खारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मीठ मोजायचे म्हणून खारे. बिचाऱ्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. दिवसभर समुद्राचं मीठ मोजायचं आणि घरी जाऊन अळणी जेवायचं. आणि समुद्र कुठे निघालाय ते बघायच्या वन्सं.

पाणी कुठे जातंय हे पाण्याला विचारून थोडंच कळतं. त्याच्यासोबत कोणीतरी पाठवावं लागतं. म्हणून ह्या बाटल्या. आत एक कार्ड, त्यावर नंबर, पत्ता आणि तिकीट आधीच लावलेलं. कचेरीची बोट दूर जाऊन बाटल्या सोडायची. कोणाला काठावर सापडली की त्याने कार्डावर कुठे सापडली, कधी सापडली ते लिहायचं आणि टपालपेटीत टाकायचं. मग मोठे साहेब इथून तिथवर बाण काढायचे. झाला नकाशा.

पण खरी मेख वाळूत होती. वाळू जास्त झाली की बाटली गेली तळाला. कमी झाली की ती मान वर काढून तरंगते, आणि मान वर काढली की वारा तिला धरून हवी तिकडे नेतो. मग ती वाऱ्याची खबर आणते, पाण्याची नाही. म्हणून बाटलीने पाण्यात असं राहायचं की वाऱ्याला ती दिसताच कामा नये. वन्सं म्हणायच्या, "नव्या सुनेसारखी. घरात असते, पण कोणाच्या डोळ्यावर येत नाही." मी म्हटलं, "मी तशी आहे का?" तर माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला अजून चार चमचे वाळू लागेल."

आणि पाणी समुद्राचंच हवं. का, तर खारं पाणी वस्तूला वर उचलतं. हे मला पटेना, तेव्हा त्यांनी मला बटाटा दाखवला. पातेल्यात नळाचं पाणी, त्यात बटाटा, बुडाला. मग मिठाची बरणी उचलली आणि ओतत गेल्या, ओतत गेल्या, आणि काय सांगू, बटाटा झोपेतून उठल्यासारखा वर आला. मी तोंडात बोट घातलं. सासूबाई आतून आल्या आणि रिकाम्या बरणीकडे बघून म्हणाल्या, "एका बटाट्याला वर काढायला माझं महिन्याचं मीठ घातलंस. तो सोललाही नाहीस."

घरात नवीन काही आलं की आधी त्या टबात पडायचं. साबण, चमचा, तुझ्या बाबांचा खुळखुळा. तुझे आजोबा म्हणायचे, "मी जन्मलो तेव्हा आईने मला हिच्यापासून लांब ठेवलं, म्हणून वाचलो." वन्सं म्हणायच्या, "ठेवलं कुठे? तरंगलास."

ह्या टबाला घरात जागा कशी मिळाली, तर कचेरीत वन्संच्या खोलीत नवीन यंत्र आलं. यंत्राला गारवा लागायचा, बाईंना लागत नव्हता. म्हणून यंत्र खोलीत राहिलं आणि बाई टबासकट घरी आल्या. दर आठवड्याला कचेरीचा गाडीवाला धक्क्यावरून समुद्राचं पाणी भरून कॅन आणायचा. धक्का म्हणजे नदी समुद्राला मिळते ना, त्याच्या जरा पुढे. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता वन्संच्या मनात काय होतं ते सांगते. त्यांना एकदा बोटीवर जायचं होतं, एवढंच. इतक्या बाटल्या त्यांच्या हातून समुद्रात गेल्या, पण एकही त्यांनी स्वतः सोडली नव्हती. बोटीवर जागा मोजक्या. कधी पारेवाले जायचे, कधी खारे काका, कधी नुसती दोरखंडं. वन्सं दर फेरीच्या आधी मोठ्या साहेबांच्या दारात उभ्या राहायच्या आणि साहेब म्हणायचे, "बघू." चांगला माणूस होता हो, पण त्याचं बघू म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. वन्सं घरी यायच्या, टबापुढे बसायच्या आणि बाटल्यांना म्हणायच्या, "जा बायांनो, तुम्ही तरी जा."

एका मोसमात असं झालं की वन्संना जबरदस्त सर्दी झाली. नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही, डोळे सुजलेले. आणि बोटीची फेरी तोंडावर, पेट्याच्या पेट्या भरायच्या. त्यात खाऱ्या पाण्यात सारखे हात घालून त्यांचे हात फुटलेले, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. मी तेव्हा माहेरी गेले होते. परत आले तर वन्संची सर्दी तशीच, पण हात बघते तर एकदम छान, लोण्यासारखे.

"हे काय हो वन्सं?"

"आईनं मलम दिलंय," त्या नाकात बोलल्या. "कशाकशाचं केलंय ती सांगत नाही. पण गुण बघ."

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या, गालातल्या गालात हसल्या. टबही लखलखीत दिसत होता. मला वाटलं, मी नाही म्हणून सगळ्यांनी घर घासून ठेवलंय. मला तेवढंच बरं वाटलं.

त्या पेट्या बोटीवर गेल्या. लांब नेऊन बाटल्या सोडल्या. आणि चार दिवस जात नाहीत तोवर कार्डं यायला लागली. एक नाही दोन नाही, गठ्ठेच. एरवी एक कार्ड यायला महिने लागायचे, कित्येक तर येतच नसत. आता जवळच्याच किनाऱ्यावर बाटल्या येऊन पडलेल्या. फिरायला जाणारी माणसं पिशवी भरून आणतायत, शाळेतली मुलं आणतायत. एक म्हातारे गृहस्थ तर कार्ड टपालात न टाकता कचेरीत घेऊन आले आणि तिकीट वाचवलं म्हणून चहा पिऊन गेले.

मोठे साहेब जाम खूष. त्यांना बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं की त्या मोसमात बाहेरचं पाणी वळून काठाकडे येत असावं. हाताशी पुरावा नव्हता, आता पुराव्याचा ढीग लागला. त्यांनी वन्संना बोलावून सांगितलं, "बाई, पुढच्या फेरीला तुम्ही चला. तुमच्या बाटल्या तुमच्या हाताने सोडा."

बघू नाही, चला.

त्या दिवशी वन्सं रस्त्याने कशा आल्या त्यांनाच माहीत. येताना रबरी बूट घेऊन आल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून गळ्याखाली बांधायची टोपी घेऊन आल्या. टोपी घालूनच जेवल्या. तुझे आजोबा म्हणाले, "घरात वारा सुटलाय का?" त्या म्हणाल्या, "सवय करतेय." बूट आधी टबात टाकून बघितले. तरंगले. म्हणाल्या, "चला, म्हणजे बुडाले तर मीच बुडेन, बूट सापडतील."

मग सर्दी उतरली. नव्या फेरीच्या बाटल्या करायच्या म्हणून वन्सं सकाळी स्टुलावर बसल्या. मी बाजूला बुचं पुसत होते. त्यांनी पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढला, बघितला, आणि बोट जिभेला लावलं. मग दुसरं बोट लावलं. मग चुळकाभर पाणी तोंडात घेतलं.

"आई," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

सासूबाई दारात आल्या.

"हे पाणी गोडं कसं झालं?"

"गोडं नाही झालं, मी भरलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझे हात बघवत नव्हते मला. सगळं ओतून दिलं, टब घासला, नळाचं भरलं. गाडीवाला आला त्यालाही सांगितलं, बाबा रे, आमच्याकडे नळाला पाणी आहे, तू कशाला एवढं ओझं वाहतोस. बिचारा दुवा देत गेला."

"कधी?"

"तुला सर्दी झाली तेव्हाच. मलमाने का कुठे हात बरे होतात? नुसतं लोणी होतं ते."

वन्संनी ओला हात पदराला पुसला. मी त्यांच्याकडे बघतेय, सासूबाई माझ्याकडे बघतायत. सासूबाईंना समजेना नक्की काय बिघडलं, एवढं समजलं की काहीतरी फार बिघडलंय. मला मात्र बटाटा आठवला. गोड्या पाण्यात बूच बरोबरीने बसेल इतकीच वाळू घातलेली. त्याच बाटल्या खाऱ्यात गेल्यावर समुद्राने उचलून धरल्या असणार. मान बाहेर आली असणार, बोटभर तरी. आणि तेव्हा वारा काठाकडेच वाहत होता, आमची वाळत घातलेली चादरसुद्धा घराच्या बाजूनेच उडायची. म्हणजे साहेबांच्या पुराव्याचा ढीग पाण्याने आणलाच नव्हता. वाऱ्याने आणला होता.

दुपारी तुझे आजोबा जेवायला आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ ताई, घाई करू नकोस. आधी बोटीवर जाऊन ये. आल्यावर सांग. बाण काय, चार दिवस उशिरा खोडला तरी समुद्र काही रागवायचा नाही."

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? टोपी समोर खुंटीला टांगलेली होती.

वन्सं म्हणाल्या, "त्या नकाशावरनं शोधायला जातात रे. कोणी पाण्यात पडलं, कोणाची होडी भरकटली, तर कचेरीत येऊन विचारतात, पाणी कुठे नेईल. साहेब बाणावर बोट ठेवतात. उद्या त्यांनी माझ्या बाणावर बोट ठेवलं तर माणूस असायचा एकीकडे आणि शोधणारे दुसरीकडे."

आजोबांनी घास खाली ठेवला. सासूबाई उठल्या, चप्पल शोधायला लागल्या.

"तू कुठे निघालीस?" वन्संनी विचारलं.

"पाणी मी बदललंय. सांगायचं तर मी सांगणार."

"आई, तू घरी बस."

"घरी बसूनच झालंय हे सगळं."

तर अशी आमची वरात कचेरीत गेली. पुढे वन्सं, त्यांच्या पिशवीत गोड्या पाण्यात तोललेली एक बाटली. मागे सासूबाई. आणि सासूबाईंनी जास्त बोलू नये म्हणून त्यांच्या मागे मी. माझा काय उपयोग होणार होता ते मला आधीच माहीत होतं.

साहेबांच्या खोलीत पलंगाच्या चादरीएवढा नकाशा भिंतीवर. निळं म्हणजे पाणी, त्यावर बाण. जुने बाण शाईचे, काळे ठळक. नवा बाण पेन्सिलचा, पण काय मस्त वळवून काढलेला. मांजराने पाठ ताणावी तसा. साहेब त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसलेले. "या बाई," म्हणाले, "आई पण आल्या? बघा, तुमच्या लेकीचा बाण."

वन्सं तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "साहेब, तुमची आई आहे का?"

"आहे की."

"तुमचे हात फुटून रक्त आलं तर ती काय करेल?"

साहेब गोंधळले. "मलम लावेल."

"मलमाने नाही गेलं तर?"

"आई," वन्सं म्हणाल्या, "पुरे." आणि मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. टबात नळाचं पाणी होतं. सर्दीमुळे मला कळलं नाही. चाखून बघायला हवं होतं, बघितलं नाही. बाटल्यांना वाळू कमी पडली. हा बाण वाऱ्याचा आहे.

साहेबांनी खारे काकांना बोलावलं. काकांनी दोन काचेच्या बरण्या आणल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत समुद्राचं. वन्संनी पिशवीतली बाटली पहिल्या बरणीत सोडली, बूच बरोबरीने बसलं. काढून दुसरीत सोडली. बाटलीने मान वर काढली, बघा मी आले म्हणून. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "हे सगळं नुसत्या मिठाने होतं?" खारे काका उसासा टाकून म्हणाले, "मिठाने काय काय होतं ते मला विचारा."

साहेब बराच वेळ बाणाकडे बघत बसले. मला त्यांची दया आली. मग त्यांनी खिशातून खोडरबर काढलं. "पेन्सिलचा आहे," म्हणाले, "समुद्राचं काहीही मी आधी पेन्सिलनेच काढतो." आणि खोडायला लागले. एवढा मोठा बाण, खोडायला वेळ लागत होता. मध्येच थांबून, वळून न बघता म्हणाले, "बोटीचं मग बघू."

आलं परत बघू. वन्संनी मान हलवली. बाटली पुसून पिशवीत ठेवली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली. त्यांना आता खरं कळलं होतं, आपण टबातून नक्की काय ओतून दिलं ते.

आम्ही दारापर्यंत गेलो. मागून साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या टबातलं एरवीचं पाणी कुठलं?"

"धक्क्यावरचं."

साहेबांनी रबर टेबलावर ठेवलं. "काका, धक्क्यावरचं पाणी आणि बाहेरचं पाणी, मीठ सारखंच?"

"सारखं कसं असेल?" काका म्हणाले. "धक्क्याजवळ नदी येते ना मिसळायला. बाहेरचं पाणी जास्त खारट. गार पण आहे."

"म्हणजे," साहेब म्हणाले, "आपल्या आत्तापर्यंतच्या सगळ्याच बाटल्या थोडी थोडी मान काढून फिरल्या असणार."

भिंतीवरच्या शाईच्या बाणांकडे बघायची कोणाला हिंमत होईना. खारे काका बरण्या उचलून हळूच निघायला लागले.

"थांबा काका," साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. उलट एखाद्याला हरवलेली किल्ली सापडावी तसं तोंड झालं होतं. "जिथे सोडायची, तिथलंच पाणी टबात भरायला हवं. तिथेच तोलायची, तिथेच सोडायची. म्हणजे टब बोटीवर न्यायला हवा."

सासूबाई चट्दिशी म्हणाल्या, "टब एकटा जायचा नाही. त्याला कोणाची सवय नाही."

साहेब हसले. आम्ही कचेरीत गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "बाई, बूट घेतलेत ना? गाडीवाला सांगत होता."

तर टब बोटीवर गेला. गाडीवाल्याने उचलला, कुरकुरत, की पाणी नको म्हणून सांगता आणि टब नेता. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, तो टबाकडे बघून म्हणाला, "बाई, आंघोळीला अख्खा समुद्र आहे." वन्संनी त्याला ऐकू आलं नाही असं दाखवलं. डोक्यावर टोपी, गळ्याखाली गाठ, पायात बूट. सासूबाईंनी मलमाची डबी दिली. खिशात टाकता टाकता वन्सं म्हणाल्या, "लोणीच ना?" सासूबाई म्हणाल्या, "ह्या वेळी खरं केलंय. वास घेऊन बघ, आता सर्दी नाहीये."

पुढचं मी बघितलेलं नाही, वन्संनी सांगितलेलं सांगते. बोट खोल पाण्यात गेली आणि डुलायला लागली, आणि वन्संना अशी बोट लागली की आठवड्याचं जेवण समुद्राला गेलं. त्यात टबातलं पाणी ह्या काठावरून त्या काठावर. बाटली सरळ उभी राहायलाच तयार नाही, मग तोलणार कशी? वन्सं टबाशेजारी बसून आधी टबाकडे बघतायत, मग कठड्याकडे धावतायत. तांडेलाला शेवटी राहवेना. त्याने दोन्ही कड्यांना दोर बांधले आणि टब छताच्या आडव्या दांड्याला टांगला, पाळण्यासारखा. बोट डुलली की टब उलट डुलायचा आणि आतलं पाणी जवळजवळ जागच्या जागी. तांडेल एका हाताने टबाला धरायचा आणि दुसऱ्या हाताने वन्संना. खारे काकांनी तेव्हाच तो फोटो काढला. डोळे मिटलेत कारण उघडले की पोट ढवळायचं. पण हातात बाटली बघ, कशी सरळ धरलीय.

प्रत्येक बाटलीला घरच्यापेक्षा जरा जास्त वाळू लागली. थोडीशीच, चमच्याच्या टोकावर राहील एवढी. वन्सं ती घालायच्या, टबात बघायच्या, बूच लावायच्या आणि कठड्याशी जाऊन स्वतःच्या हाताने सोडायच्या. मी विचारलं, "कसं वाटलं हो?" तर म्हणाल्या, "पहिली सोडली ना, ती दिसलीच नाही. पाण्याला टेकली आणि गेली. मी सोडली का नाही अशी मलाच शंका." मग जरा थांबून म्हणाल्या, "तशीच हवी होती."

घरी आल्यावर त्या जमिनीवरही डुलत होत्या. सासूबाई भिंतीला धरून त्यांच्याबरोबर डुलत होत्या, सोबत म्हणून.

मग वाट बघणं सुरू झालं. टपालवाला आला की वन्संच्या आधी सासूबाई फाटकाशी. "समुद्राचं काही?" "नाही आजी." दुसऱ्या दिवशी परत. तो बिचारा पलीकडच्या गल्लीतून जायला लागला. कार्डं कचेरीत येणार, घरी नाही, हे त्यांना दहादा सांगितलं, पण त्या म्हणायच्या, "वाटेत त्यालाच तर भेटतील ना."

ऋतू बदलला. तुझ्या बाबांना दात आले. आणि एके दिवशी वन्सं कचेरीतून आल्या, चप्पल न काढता सरळ पडवीत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. कार्ड आलं होतं. फार लांबून, किनाऱ्याने कितीतरी खाली, तिथल्या दीपगृहावरच्या बाईने लिहिलेलं. बाटली खडकांत सापडली, फुटलेली नाही, आणि खाली स्वतःहून लिहिलं होतं की बाटली पाण्यात असताना दिसलीच नाही, ओहोटीला पायाला लागली. वन्संनी ती ओळ आम्हाला इतक्या वेळा सांगितली की तुझे आजोबा झोपेत म्हणायला लागले, पायाला लागली, पायाला लागली.

मागोमाग आणखी आली, सगळी त्याच बाजूची. पाणी काठाकडे वळतच नव्हतं. काठाकाठाने खाली निघालेलं. साहेबांनी बाण काढला, आधी पेन्सिलने, आणि खूप दिवसांनी शाईने. जुने शाईचे बाणही हळूहळू तपासायला घेतले, आणि त्यासाठी टब फेरीफेरीला बोटीवर जायला लागला. वन्संसकट. दर वेळी बोट लागायची, दर वेळी जायच्या. वाळूचा पहिला अंदाज घरीच घ्यायच्या, म्हणून निघायच्या आधी पडवीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखायच्या आणि सासूबाईंनाही चाखायला लावायच्या. सासूबाई तोंड वाकडं करून म्हणायच्या, "खारट आहे गं बाई, जा."

एकदा नव्या बाणाची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझ्या पाण्याचा बाण? तो पुसला पूर्ण?"

वन्सं हसल्या. म्हणाल्या, "साहेबांनी अर्धाच पुसलाय. पेन्सिलनेच ठेवलाय तो. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, वारा. त्या मोसमात वरवर तरंगणारी वस्तू कुठे जाते ते त्यावरनं कळतं. परवा एक रिकामी होडी दोर तुटून गेली होती, त्या बाजूला शोधली तर मिळाली."

सासूबाई भाजी निवडत राहिल्या. पण संध्याकाळी मी फाटकाशी गेले तर त्या समोरच्या शेजारणीला सांगत होत्या, "नकाशावर दोन बाण आहेत आमच्या घरचे. एक ताईचा. आणि एक, आता काय सांगायचं, होडी बिडी हरवली तर लागतो तो."

शेजारीण म्हणाली, "घरात एवढ्या बाटल्या, आणि बाणसुद्धा?" आणि तिने सासूबाईंनाही लिंबू सरबत प्यायला बोलावलं.